म्हशींच्या हौदावरची पांढरी रेघ

आमच्या पेठेत तालमीसमोर म्हशींना पाणी पाजायचा हौद आहे. तो मी बांधला. गल्लीत नवीन राहायला आलेल्या लोकांना वाटतं तो कुणीतरी सरकारी माणसानं बांधला असेल. तसं नाही. सामान तालमीनं दिलं, हात माझे आणि माझ्या जोडीदाराचे. आम्ही दोघांनी उभी हयात गवंडीकाम केलं. भिंतीच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. तो मुसलमान, पलीकडच्या गल्लीत राहतो, आता गुडघ्यानं अधू झालाय. मी अजून शिडी चढतो.

माझी शाळा तिसरीपर्यंत. ओळंबा धरायला त्याच्यापेक्षा जास्त लागत नाही. हे मी माझ्या हातानं लिहितोय, ऱ्हस्वदीर्घ नातीनं बघितलंय. बाकी मजकुराला तिला हात लावू दिलेला नाही.

हौदाला भेग पडली ती गटारीमुळं. हे आधीच सांगून ठेवतो. गटारीच्या ठेकेदारानं हौदाच्या अगदी पायाला लागून चर खणला आणि पावसाळाभर तसाच उघडा ठेवला. माती खचली, रस्त्याच्या बाजूची भिंत बसली आणि वरपासून खालपर्यंत तिरकी भेग गेली. मी दोन-तीनदा सिमेंट भरलं, दर खेपेला ती पुन्हा उघडली. पाणी रस्त्यावर यायचं, तिथं शेवाळ धरायचं. पोरं गाडीवरून घसरली. एक बाई दुधाची किटली घेऊन पडली, तिचा हात मोडला.

मग तालमीत बैठक झाली. अध्यक्ष माझ्या पोराच्या वयाचा आहे, माणूस वाईट नाही. तो म्हणाला, हौद पाडून टाकू, गवळ्यांना प्लॅस्टिकची टाकी आणून देऊ, राहिलेल्या जागेत गाड्या लागतील. गवळी आता मोजकेच उरलेत, त्यांचा आवाज बैठकीत चालत नाही. मी उठून सांगितलं की हौद मी दुरुस्त करतो. अध्यक्ष म्हणाला, मिस्त्री, तुम्ही केलाय की आधी, राहिला का? लोक हसले. मला हसलेलं सोसत नाही. मी सगळ्यांसमोर बोललो, "पाडव्याला भिंतीला हात लावून बघा. ओल लागली तर पहिली कुदळ मी घालतो."

बोलून गेलो. आता हौद राखायचा कसा, हा प्रश्न होता. दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात म्हशी सजवून आणतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात आणि त्या दिवशी सगळी गल्ली हौदापाशीच असते. सगळ्यांदेखत स्वतःच्या हातच्या कामावर कुदळ घालायची, हे मला मरणापेक्षा वाईट होतं.

माझी नात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सिव्हिललाच. आजाच्या वळणावर गेली असं मी म्हणतो, ती म्हणते मार्क तेवढेच पडले म्हणून. कॉलेजात तिच्या गटाला एक प्रयोग दिला होता. काँक्रीटमध्ये जिवाणू घालायचे. ते झोपलेले असतात. काँक्रीटला भेग पडली आणि आत पाणी शिरलं की ते जागे होतात, शेजारी ठेवलेलं खाद्य खातात आणि त्यातून चुनखडी तयार होते. त्या चुनखडीनं भेग भरून येते. हे तिनं मला जेवताना सांगितलं. मी भाकरी खाली ठेवली.

मी म्हणालो, सिमेंटमध्ये नारळ फोडून वाहिलेला बघितलाय, जंतू घातलेले नाही बघितले. आम्ही वाळू धुऊन घ्यायचो ती कशासाठी? घाण आत जाऊ नये म्हणून. आणि तू जिती घाण आत घालणार?

तिनं मला समजावलं नाही. ती तिच्या आज्जीकडं वळली, कारण आज्जीची तक्रार वेगळीच होती. प्रयोगाची बरणी नातीनं आमच्या फ्रिजमध्ये आणून ठेवली होती, दह्याच्या भांड्याला लागून. बरणीत बाजरीएवढे मातीचे दाणे होते आणि त्या दाण्यांत ते जंतू. बायको म्हणाली, "जंतू आणि माझ्या फ्रिजात? उचल आधी."

"आज्जी, तुझ्या विरजणात काय असतंय मग?"

"विरजण ते विरजण. त्याला कोण जंतू म्हणत न्हाय."

"तसंच हाय हे. तुझं दुधाला, माझं सिमेंटला."

बायकोनं बरणी खालच्या कप्प्यात सरकवली, भाजीत. बाहेर काढली नाही. म्हणजे तिला पटलं होतं. मला पटलं नव्हतं. नात म्हणत होती की सरांना एक खरीखुरी जागा पाहिजे, कॉलेजात ठोकळे फोडून फोडून कंटाळा आला, आबा, तुझा हौद दे. मी नाही म्हणालो. त्या आठवड्यात मी माझ्या पद्धतीनं आणखी एकदा भेग भरून बघितली. पाणी मारलं, गोणपाट गुंडाळलं, सगळं रीतसर. हौद भरला आणि दुसऱ्या दिवशी भिंत घामेजली.

मग मी तिला हौद दिला, पण अटी घालून. भेग मी उघडणार, माल मी भरणार, माझ्या हौदावर दुसऱ्याची थापी फिरणार नाही. आणि गल्लीत ह्यातलं एक अक्षर बोलायचं नाही. गवळ्यांना जंतू हा शब्द कळला तर म्हशी तिथं पाणी पिणार नाहीत असं मला वाटत होतं. दुसरं म्हणजे मिस्त्रीचं काम नात सुधारतेय, असं कुणी म्हटलेलं मला नको होतं. तिनं मान्य केलं. तिची एकच अट होती. माल भरून झाला की मी त्याला हात लावायचा नाही, काही दिसलं तरी.

गणपती गेल्यावर आम्ही काम काढलं. हौद रिकामा केला. छिन्नीनं भेग आतून-बाहेरून कोरली, तोंड रुंद केलं, ब्रशनं धूळ काढली. ती घरातला वजनकाटा घेऊन आली होती. मी घमेल्यानं माल घेतो, काट्यानं घेत नाही, तसं सांगितलं. ती म्हणाली, तुझं सिमेंट-वाळू तू घे, माझे दाणे मी मोजून घालते. दाणे फुटू नयेत म्हणून माल हळू कालवायचा होता. आयुष्यभर मी मजुरांना जोरात कालवा म्हणून ओरडलो, आणि इथं ती माझ्या मनगटाकडं बघत होती. माल नेहमीसारखाच होता. हाताला फरक कळला नाही. मी तो दाबून भरला, थापीनं सारखा केला. कुणी म्हटलं असतं हौद नवा आहे.

पुरेसं पाणी मारून झाल्यावर हौद भरला. दोन-चार दिवस भिंत कोरडी राहिली. मग जुन्या आणि नव्या मालाच्या सांध्यावर केसासारखी रेघ उठली आणि तिच्यातून पाणी पाझरायला लागलं. मी घरातून थापी घेऊन निघालो, तर नात दारात उभी.

"आबा, हात लावायचा न्हाय ठरलंय."

"अगं फुटलं की ते."

"फुटायलाच पाहिजे. भेग पडल्याशिवाय, पाणी आत गेल्याशिवाय ते जागं कसं होणार?"

भेग पडू नये म्हणून मी सगळा जन्म घालवला, आणि ही पोरगी भेगेची वाट बघत होती. मी थापी आत नेऊन ठेवली. त्यानंतर रोज सकाळी मी तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचो आणि भिंतीकडं बघायचो. गवळी म्हशी आणायचे, म्हशी पाणी प्यायच्या, अंग घासायच्या. पाझर होताच. लोक येता-जाता बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दसऱ्याच्या सुमाराला त्या रेघेवर पांढरं दिसायला लागलं. आधी मिठाची बोटं उमटावीत तसं. मग रेघच पांढरी झाली आणि जराशी वर आली.

ज्यानं बांधकाम केलंय त्याला हे पांढरं काय ते कळतं. भिंतीवर लोणा लागतो तो असाच दिसतो. वाळू न धुता वापरली, पाणी खारं घेतलं, की भिंत मीठ बाहेर टाकते. गवंड्याला भिंतीचा लोणा म्हणजे तोंडावर थुंकल्यासारखं आहे. मी त्या दिवशी जेवलो नाही. संध्याकाळी नात आली, तिनं मोबाईलवर फोटो काढले, नखानं थोडं टोकरून बघितलं आणि हसली. म्हणाली, आबा, हेच ते. चुनखडी. खालच्या अंगाला हात लाव बघू. मी हात लावला. गेल्या आठवड्यात तिथं बोटं भिजत होती. आता भिंत नुसती गार लागत होती.

लहानपणी मी वस्तादाच्या हाताखाली चुना मळायच्या घाणीवर होतो. जुन्या चुन्याच्या भिंतीत बारीक चीर गेली तर ती पांढरी होऊन भरून यायची, हे मी बघितलेलं आहे. ते मी तिला सांगितलं. म्हणालो, म्हणजे हे आमचंच जुनं हाय. ती म्हणाली, व्हय, पण सिमेंट तेवढं करत न्हाय की, म्हणून तर हा खटाटोप. मी म्हणालो, बघ, आमचंच हाय.

गल्लीला मात्र पांढरं तेवढं दिसत होतं. अध्यक्षानं गाडी थांबवून विचारलं, मिस्त्री, हौदाला लोणा लागला की. मी म्हणालो, लागू दे. त्याला वाटलं मी हरलो. चार दिवसांत ते सगळीकडं झालं, मिस्त्रीच्या हौदाला लोणा. मी एक शब्द काढला नाही. पाडव्याला भिंत बोलेल, असा माझा हिशेब होता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही फराळाला बसलो होतो. जोडीदार आला. तो दार वाजवत नाही, सरळ आत येतो. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात तारेचा ब्रश आणि बाटली. बायकोला म्हणाला, वहिनी, चहा टाका, आज मी काम करून आलोय. मग माझ्याकडं वळला.

"जाऊन हौद बघ तुझा. आरशागत केलाय."

"काय केलंस?"

"लोणा काढला. सगळी गल्ली बोलालती, मी जिता असताना? उद्या चार लोकांत तुझी मान खाली जायची. ब्रशनं निघंना, चिवट हुता. मग फरशीचं ॲसिड मारलं. असला फेस आला म्हंतोस, चुर्रर्र करून."

नातीनं चकलीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाली, "चाचा, तो लोणा नव्हता. तेच औषध हुतं."

त्यानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिनं दोन वाक्यांत त्याला सगळं सांगितलं. तो ब्रश हातात घेऊन तसाच उभा.

"आणि ह्यो मला बोलला न्हाय व्हय," तो म्हणाला. "मिठाची गुळणी धरली हुतीस काय मर्दा तोंडात?"

मी सांगितलं नव्हतं हे खरं. त्यानं विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यानं विचारलं नाही, मला वाईट वाटेल म्हणून. आणि गुडघ्याचं दुखणं घेऊन तो पहाटे उकिडवा बसला, तेही माझ्यासाठीच. ह्यात रागावायचं कुणावर? बायकोनं त्याच्या हातात चहा दिला. त्यानं तो घेतला, पण प्यायला नाही.

आम्ही तिघं हौदावर गेलो. भिंत खरंच आरशागत होती. रेघ काळी दिसत होती आणि तिच्यातून पाणी यायला लागलं होतं. नातीनं बादल्यांवर बादल्या ओतून ॲसिड धुऊन काढलं. मग गुडघ्यावर बसून बराच वेळ बघितलं. म्हणाली, वरचं गेलंय, आतलं शाबूत असावं, कारण पाझर पहिल्यापेक्षा बारीक आहे. मी विचारलं, ते पुन्हा जागं होतील? ती म्हणाली, होतील, खाद्य शिल्लक असलं तर. पण उद्यापर्यंत न्हाय.

जोडीदार म्हणाला, मी वरून वॉटरप्रूफचा हात मारून देतो, उद्याचा दिवस निघेल. मी नको म्हणालो. नातीला शब्द दिला होता हात लावणार नाही म्हणून. तालमीलाही शब्द दिला होता. दोन्ही शब्द माझेच होते.

पाडव्याला म्हशी आल्या. हलगी वाजत होती. एकेका म्हशीच्या शिंगाला मोरपिसं, पायात चाळ. सगळ्या हौदावर पाणी प्यायल्या. मग अध्यक्ष आणि तालमीची माणसं भिंतीपाशी आली. अध्यक्षानं तळवा लावला, लोकांना दाखवला. ओला होता. त्याला आनंद झाला नव्हता, हे मी इमानानं लिहितो. तो हळू आवाजात म्हणाला, "मिस्त्री, शब्द तुमचाच हुता."

मी म्हणालो, कुदळ आणा. कुणीतरी तालमीतून आणून दिली, आखाडा खणायची. हलगी थांबली. मी हौदाजवळ गेलो, तेवढ्यात जोडीदार लंगडत आला आणि भिंतीवर चढून बसला, नेमका भेगेवर, पाय खाली सोडून.

"घाल की," तो म्हणाला. "आधी माझ्या ह्या गुडघ्यावर घाल, त्येचा उपेग न्हाई तसाबी."

लोक हसले. अध्यक्ष म्हणाला, चाचा, उतरा खाली, सणाचा दिवस आहे. जोडीदार म्हणाला की उतरतो, पण ओल माझ्यामुळं आहे, काल भिंत कोरडी होती, मी घासली म्हणून फुटली. अध्यक्षाला काही कळेना. घासल्यावर भिंत फुटते कशी? हौदात केलंय तरी काय? त्यानं नातीला विचारलं. ती बोलली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मी घातलेली अट ती पाळत होती, तिच्या वर्षभराच्या कामावर कुदळ पडायची वेळ आली तरी.

मग मला बोलावं लागलं. मी कुदळ टेकवून उभा राहिलो आणि म्हणालो, "हौद मी दुरुस्त केलेला न्हाय. माझ्यानं झाला न्हाय. माझ्या नातीनं केलाय. त्येच्यात तिनं जंतू घातल्यात, आणि ते भेग भरालेत."

एवढं बोलायला मला फार वेळ लागला असं बायको म्हणते. मला तसं वाटत नाही.

पुढचं नातीनं सांगितलं, पांढरं म्हणजे काय, ॲसिडनं काय झालं, सगळं. मोबाईलवरचे आधीचे फोटो दाखवले. एक गवळी कुरकुरला की जंतूचं पाणी म्हशीला पाजलं व्हय आम्ही. त्यावर मागं उभी असलेली म्हातारी गवळीण, जिच्या म्हशी सगळ्यात जास्त आहेत, ती म्हणाली, "तुझी म्हस पंचगंगेत बुडी मारत्या, तिथं काय गुलाबपाणी हाय? दूध कमी आलं काय म्हयनाभरात? मग गप बस."

नात तिला म्हणाली की ते जंतू मातीतलेच असतात, म्हशीला काही करत नाहीत. म्हातारी म्हणाली, "तेच म्हणालोय मी."

अध्यक्षानं तालमीच्या माणसांशी बोलून कार्तिक संपेपर्यंत मुदत दिली. एकानं माझ्या हातातून कुदळ घेतली. हलगी पुन्हा सुरू झाली आणि दरसालासारख्या गवळ्यांनी म्हशी पळवल्या.

तो महिना मी कट्ट्यावर काढला. आता एकटा नव्हतो, जोडीदारही यायचा, खुर्ची घेऊन. लोक येता-जाता थांबून बघायचे, पोरं विचारायची, आजोबा, जंतू उठले काय? तुळशीच्या लग्नापर्यंत काही दिसलं नाही. नात रोज फोटो काढायची आणि माझ्याशी कमी बोलायची, म्हणजे तीही घाबरली होती. मग एका सकाळी रेघेच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला. पुढं तो वर चढत गेला. ह्या खेपेला पहिल्याइतकी जाड रेघ आली नाही, पण आली. कार्तिकी अमावास्येला अध्यक्षानं तळवा लावला, मग खिशातला रुमाल काढून भिंतीवर दाबला आणि उघडून बघितला. रुमाल कोरडा होता. तो नातीला म्हणाला, तालमीच्या गच्चीचं पण एकदा बघून जा ताई. मला काही म्हणाला नाही. बरं केलं.

हौद राहिला. वरच्या टोकाला अजून बोटभर ओल दिसते. नात म्हणते, तिथली भेग रुंद आहे, तेवढं जंतूंच्या आवाक्यात नाही, तिथं तुझाच माल लागेल. तो मी भरणार आहे.

जोडीदाराचा हात मात्र अजून शिवशिवतो. बोलता बोलता त्याचं नख त्या पांढऱ्याकडं जातं आणि मी त्याचं मनगट धरतो. त्याच्यासारखे आणखी गवंडी पेठेत आहेत, दिवाळीला रंग लावणारी पोरं आहेत. म्हणून तालमीनं पेंटर बोलावून हौदावर ठळक अक्षरांत लिहून घेतलं: हा लोणा नाही. घासू नये. ॲसिड मारू नये.

पेंटर लिहीत होता तेव्हा मी तिथं उभा होतो. खाली जागा उरली होती. त्याला म्हणालो, भेग गटारीमुळं पडली, हे पण लिही. तो अध्यक्षाकडं बघून हसला आणि डबा बंद केला. म्हणून ते मी इथं लिहिलंय.